पंडित रविशंकर यांची ‘थ्री रागाज’ कशी ऐकावी : सांगली-मिरजेच्या श्रोत्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

पंडित रविशंकर म्हटले की आपल्याकडच्या बहुतेक श्रोत्यांना जॉर्ज हॅरिसनचे गुरुजी, १९६७चा मॉन्टेरे महोत्सव, १९६९चे वुडस्टॉक आणि १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशसाठी झालेला कार्यक्रम आठवतो. चित्रपटाची आवड असणारे त्यात ‘अनुराधा’ची आणि ‘पथेर पांचाली’ची भर घालतात. या जागतिक कीर्तीच्या आधीची, १९५६ साली लंडनमध्ये निघालेली त्यांची पहिली दीर्घ मुद्रिका (एलपी), म्हणजे ‘थ्री रागाज’, फारशा कोणाच्या बोलण्यात येत नाही आणि आवर्जून कोणी लावूनही ऐकत नाही. माझ्या मते त्यांच्या सतारीचे सर्वांत स्वच्छ आणि निर्व्याज दर्शन याच मुद्रिकेत घडते, कारण येथे त्यांच्यासमोर गर्दी नाही, टाळ्या नाहीत आणि स्वतःच्या ख्यातीचे ओझेही नाही. आहेत ते फक्त राग, सतार, तबला आणि तंबोरा. मात्र ही मुद्रिका कामे उरकताना मागे लावून ठेवण्यासारखी नाही. ती थोडी तयारी मागते, आणि ती तयारी कशी करावी हे क्रमाने सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे. ज्या जिल्ह्यात सतार घडते, त्या जिल्ह्यातल्या श्रोत्याला हे काम इतरांपेक्षा सोपे जावे, असे मला मनापासून वाटते.

ऐकण्याआधी एवढे माहीत असावे

रविशंकर यांचा जन्म ७ एप्रिल १९२० रोजी वाराणसीत झाला. मोठे बंधू उदयशंकर यांच्या नृत्यमंडळीबरोबर ते लहानपणीच पॅरिसला गेले. त्याच मंडळीत बाबा अल्लाउद्दीन खाँ यांची भेट झाली आणि १९३८ मध्ये नृत्य सोडून ते मैहरला बाबांकडे शिकायला जाऊन राहिले. १९४९ पासून ते दिल्लीच्या आकाशवाणीत वाद्यवृंदाचे काम पाहत होते. १९५५ साली व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांनी त्यांना न्यूयॉर्कला बोलावले, परंतु स्वतः जाणे शक्य नसल्यामुळे त्यांनी आपले गुरुबंधू अली अकबर खाँ यांचे नाव सुचवले. खाँसाहेब गेले, त्यांच्या साथीला तबलावादक चतुरलाल गेले आणि अमेरिकेत सरोदची दीर्घ मुद्रिका निघाली. पुढच्याच वर्षी रविशंकरांनी आकाशवाणीची नोकरी सोडून युरोप-अमेरिकेचा दौरा काढला. ‘थ्री रागाज’ ही त्या दौऱ्यातली मुद्रिका असून तिच्यात तबल्यावर चतुरलाल आणि तंबोऱ्यावर प्रद्योत सेन आहेत.

मुद्रिकेवर तीन राग आहेत. जोग सुमारे २८ मिनिटांचा आहे, अहीर भैरव पंधरा-सोळा मिनिटांचा आणि सिंहेंद्रमध्यमम् अकरा मिनिटांच्या आसपासचा. या मिनिटांचे महत्त्व आपल्याकडच्या माणसाला लगेच पटेल. मिरजेत ज्यांची समाधी आहे त्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिका आपण ऐकलेल्या आहेत. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावत, आणि खाँसाहेबांनी तेवढ्या वेळात अख्खा राग उभा करून दाखवला. १९४८ पासून दीर्घ मुद्रिका आल्या आणि एकेका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटांहून अधिक वादन बसू लागले. त्यामुळे एक संपूर्ण बाजू एकाच रागाला देणे हा त्या वेळी मोठा निर्णय होता, विशेषतः ज्या श्रोत्याने राग हा शब्दही ऐकलेला नाही त्याच्यासाठी. रविशंकरांनी ती बाजू जोगला दिली.

पहिली पायरी : खरी प्रत ओळखणे

रविशंकरांनी दीर्घ आयुष्यात अनेक ध्वनिमुद्रणे केली आणि पुढे त्यांचे तुकडे जोडून निघालेल्या संकलनांची संख्याही मोठी आहे. मोबाइलवर त्यांच्या नावापुढे ‘जोग’ लिहून शोधले की भलतेच काही समोर येते. म्हणून राग न शोधता ‘थ्री रागाज’ हे नाव शोधावे आणि तीन गोष्टी तपासून घ्याव्यात: मुद्रिकेवर तीनच राग आहेत का, जोगची लांबी अर्ध्या तासाच्या जवळ आहे का आणि तबल्यावर चतुरलाल यांचे नाव आहे का. साथीदार म्हणून तबलावादक अल्लारखाँ यांचे नाव दिसले तर ते दुसरे ध्वनिमुद्रण आहे असे समजावे. २००० साली या मुद्रिकेची डिजिटल सफाई होऊन सीडी निघाली होती आणि ऐकण्यासाठी ती प्रत उत्तम आहे.

एखाद्याच्या घरी जुनी तबकडी असेल तर ती तिरकी धरून दिव्याखाली पाहावी, म्हणजे ओरखडे आणि वाकलेपणा दोन्ही कळतात. रेकॉर्ड प्लेअरचा पट्टा सैल झालेला असेल तर स्वर हळूहळू उतरतो. ते ओळखायला एक साधी कसोटी आहे: बाजूच्या सुरुवातीचा तंबोरा आणि शेवटाकडचा तंबोरा मोबाइलवरच्या तंबोऱ्याशी ताडून पाहावा. दोन्ही ठिकाणी षड्ज तोच असेल तर यंत्र ठीक चालले आहे.

दुसरी पायरी : आवाजाची मांडणी

हे ध्वनिमुद्रण एकमार्गी, म्हणजे मोनो आहे. खोलीच्या दोन कोपऱ्यांत दोन स्पीकर ठेवून त्यात काही भर पडत नाही. एक बरा स्पीकर समोर ठेवला की पुरते. मोबाइलच्या अंगच्या स्पीकरवर मात्र ऐकू नये, कारण सतारीच्या खर्जाच्या तारा त्यावर जवळजवळ नाहीशा होतात आणि मंद्र सप्तकातला सगळा आलाप हातचा जातो. साधे इअरफोन त्यापेक्षा कितीतरी बरे. ध्वनी ‘सुधारण्यासाठी’ मोबाइलमध्ये जी बटणे दिलेली असतात, ती बंद ठेवावीत. खर्ज फुगवला की तंबोरा गढूळ होतो आणि वरचा आवाज चढवला की नखीचा, म्हणजे तार छेडण्यासाठी बोटात घातलेल्या तारेच्या कड्याचा, प्रत्येक आघात टोचू लागतो.

आवाज किती मोठा ठेवावा, याचे उत्तर तंबोऱ्यात आहे. तंबोरा जेमतेम ऐकू येईल एवढाच आवाज ठेवावा. मग सतार आपल्या जागी येते आणि तबला अंगावर येत नाही. मिरज जंक्शनच्या आसपास राहणाऱ्यांनी गाड्यांची वर्दळ पाहून वेळ निवडावी. मींडेच्या, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकण्याच्या, मधोमध भोंगा वाजला तर ती मींड पुन्हा ऐकण्यावाचून गत्यंतर नाही.

तिसरी पायरी : सतारीचा नाद ओळखणे

ही पायरी बहुतेक मार्गदर्शनांत नसते, आणि आपल्या भागात मात्र ती सहज चढता येते. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतारी आणि तंबोरे घडतात. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी संस्थानच्या काळात हा व्यवसाय हाती घेतला. पंढरपूर-मंगळवेढा भागातला भोपळा, तुणीचे लाकूड आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा हात यांतून ही वाद्ये तयार होतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मुद्रिका ऐकण्याआधी एकदा सतारमेकर गल्लीत जाऊन जवारी काढण्याचे, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती घोडी घासून नाद खुलवण्याचे, काम पाहून यावे. कारागिराला कामाच्या गर्दीत त्रास न देता, विचारून, थोडा वेळ बाजूला बसले तर कोणी नाही म्हणत नाही.

तेथे जे दिसते ते असे. घोडीचा रुंद माथा वरवर पाहता सपाट वाटतो, पण त्याला तारेच्या दिशेने अगदी थोडा उतार असतो. कारागीर तार बाजूला सारून कानस दोन-तीनदाच फिरवतो, बोटाने भुकटी पुसतो, तार परत जागेवर बसवून छेडतो आणि मान वाकवून ऐकतो. पुन्हा तार सरते, पुन्हा कानस फिरते. पहिल्यांदा तार ठसठशीत पण कोरडी बोलते. काही फेऱ्यांनंतर त्याच तारेतून स्वराबरोबर एक झणत्कार निघू लागतो आणि स्वर छेडल्यानंतरही तो उमलत राहतो. कंप पावणारी तार त्या उतारावर हलकेच घासते आणि त्यामुळे वरचे स्वनांश, म्हणजे मूळ स्वराबरोबर वाजणारे बारीक स्वर, मोकळे होतात. उतार कमी-जास्त ठेवून जवारी खुली किंवा बंद करता येते. रविशंकरांची जवारी खुली असे, तर त्यांचे समकालीन सतारवादक विलायत खाँसाहेब यांच्या सतारीची जवारी बंद अंगाची. हे एकदा कानांनी पाहिले, की ‘थ्री रागाज’मधला पहिला स्वर वाजताच त्याच्या पोटातला झणत्कार वेगळा ऐकू येतो.

दुसरी गोष्ट खर्जाची. रविशंकरांच्या सतारीला खर्ज आणि पंचम यांच्या जाड तारा असत, त्यामुळे त्यांना आलापात बीन आणि सुरबहार या खर्जाच्या तंतुवाद्यांच्या प्रांतात उतरता येई. मैहरला बाबांकडून मिळालेल्या धृपद अंगाच्या तालमीला हे वाद्य साजेसे होते. तिसरी गोष्ट तरफांची. मुख्य तारांखालच्या अकरा ते तेरा तरफा रागातल्या स्वरांनाच मिळवलेल्या असतात, म्हणून वादक थांबल्यावरही राग वाजत राहतो.

चौथी पायरी : षड्ज शोधणे आणि वेळ निवडणे

मोबाइलवर तंबोऱ्याचे कोणतेही विनामूल्य ॲप घ्यावे. मुद्रिका सुरू करून वादक जिथे वारंवार विसावतो तो स्वर गुणगुणावा आणि ॲपचा षड्ज त्याला मिळवावा. जुन्या ध्वनिफितींच्या वेगातल्या फरकामुळे तो पेटीच्या पट्ट्यांच्या मधेच पडण्याची शक्यता असते. तसे झाले तर ॲपमधल्या बारीक मिळवणीचा उपयोग करावा. षड्ज सापडला की मुद्रिका बंद करून पाच मिनिटे फक्त तंबोरा ऐकावा. हा वेळ वाया जात नाही. षड्ज-पंचम कानात मुरल्याशिवाय कोमल-शुद्धाचे नाते उमगत नाही.

तिन्ही राग सलग ऐकू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. मुद्रिकेच्या सोयीसाठी ते शेजारी बसले आहेत, पण अहीर भैरव सकाळचा आणि जोग रात्रीचा आहे. अहीर भैरव उजाडताना ऐकावा, जोग रात्री जेवणे आटोपून घर शांत झाल्यावर. सिंहेंद्रमध्यमम् हा कर्नाटक संगीतातला राग असून त्या पद्धतीत वेळेचे बंधन आपल्याइतके कडक नाही, म्हणून तो सुटीच्या दिवशी दुपारी किंवा तिन्हीसांजेला घ्यावा. कृष्णाकाठी फिरताना कानात घालून ऐकण्याचा मोह सकाळी होतो, हे मला ठाऊक आहे. पहिल्या दोन-तीन वेळा तरी तो टाळावा आणि एका जागी बसून ऐकावे.

पाचवी पायरी : जोग

मुद्रिकेचे हृदय येथे आहे, म्हणून सर्वांत जास्त वेळ याला द्यावा.

आधी पेटीवर स्वर पाहून घ्यावेत. पांढरी एक षड्ज धरली तर शुद्ध गंधार पांढरी तीन, मध्यम पांढरी चार, पंचम पांढरी पाच आणि कोमल निषाद काळी पाच. चढताना एवढेच स्वर पुरतात. उतरताना यांत कोमल गंधाराची, म्हणजे काळी दोनची, भर पडते. ऋषभ आणि धैवत या रागात नाहीत. ‘गंधार, मध्यम, कोमल गंधार, षड्ज’ ही स्वरावली दहा-पंधरा वेळा वाजवावी. जोगची सारी ओळख या चार स्वरांत आहे: शुद्ध गंधाराने उजेड पडतो, मध्यमावर क्षणभर थांबणे होते आणि कोमल गंधारावरून षड्जावर येताना तोच उजेड मंदावतो.

पेटी स्वरांच्या जागा दाखवते, पण एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाण्याची वाट दाखवत नाही. ती वाट सतारीत ऐकायची. मध्यमावरून कोमल गंधारावर अखंड उतरण्याची एक रीत अशी आहे: वादक कोमल गंधाराच्या पडद्यावर बोट ठेवतो, आघात करण्याआधीच तार खेचून तिचा स्वर मध्यमापर्यंत चढवतो, मग नखी मारतो आणि तार सावकाश सोडतो. म्हणजे श्रोत्याला पहिल्यांदा ऐकू येणारा मध्यम वादकाने केवळ अंदाजाने, आवाज न करता, आधीच तयार करून ठेवलेला असतो. तो केसभर जरी चुकला तरी लपवता येत नाही. हे लक्षात ठेवून आलापातील पहिली पाच मिनिटे ऐकावीत आणि कोमल गंधार आला की वहीत फक्त एक टिंब करावे. काही टिंबे एकमेकांना चिकटून पडतील, काहींच्या मध्ये मोठी जागा राहील. वादक त्या स्वराला किती जपून वापरतो, हे त्या कागदावर दिसते.

दुसऱ्यांदा ऐकताना लक्ष थांब्यांकडे द्यावे. ऋषभ नसल्यामुळे षड्जापासून गंधारापर्यंत मोठी रिकामी जागा आहे आणि धैवत नसल्यामुळे पंचमापासून निषादापर्यंतही तसेच. वादक या जागा भरून काढत नाही. तरफांमध्येही ते स्वर नसल्यामुळे थांब्यात घुमते ते फक्त रागाचेच. नंतरच्या काळात हजारो श्रोत्यांसमोर वाजवताना कोणालाही अशी उसंत घेणे कठीण होते. लंडनमधल्या बंद खोलीत रविशंकरांनी ती घेतली आहे. मला ही मुद्रिका इतकी मोलाची वाटते त्याचे हेच मुख्य कारण. अनोळखी लोकांना पटकन जिंकून घेण्यासाठी वेगाचा आधार घेणे त्यांना सहज शक्य होते, कारण हाताची तयारी तेव्हाही अफाट होती. तरीही जोगला जेवढा वेळ लागतो तेवढा त्यांनी दिला.

काही गायक-वादक जोगमध्ये चढताना शुद्ध निषादही घेतात. या मुद्रिकेत तो येतो का आणि येत असेल तर कोणत्या जागी, हे दुसऱ्या फेरीत स्वतः ठरवावे. उत्तर कोणाला विचारू नये, कारण ते शोधताना कान जेवढा तयार होतो तेवढा दुसऱ्या कशाने होत नाही.

तबला पहिल्यांदा जिथे पडतो, ती वेळ वहीत मिनिट-सेकंदांसह लिहून ठेवावी. तिसऱ्या फेरीला तेथूनच सुरुवात करावी. ताल ओळखण्यासाठी गतीचा, म्हणजे तालात बांधलेल्या रचनेचा, मुखडा पकडावा: तो पुन्हा पुन्हा येतो आणि एका ठरावीक मात्रेवर वजन टाकतो. ती सम. एका समेपासून पुढच्या समेपर्यंत बोटांच्या पेरांवर मात्रा मोजाव्यात; सोळा आल्या तर तीनताल, बारा आल्या तर एकताल, दहा आल्या तर झपताल, सात आल्या तर रूपक. मसीतखानी अंगाची (सतारीच्या एका जुन्या शैलीतली) विलंबित गत असेल तर मुखडा बहुधा बाराव्या मात्रेपासून निघतो आणि ‘दिर दा दिर दा रा दा दा रा’ अशा बोलांनी चालतो. हे बोल हळू म्हणून पाहिले की कोणती मात्रा चालू आहे ते पटकन कळते. त्यानंतर तानांपेक्षा तिहाया ऐकाव्यात. एकच तुकडा तीनदा वाजून त्याचा शेवट समेवर कसा पडतो, हे दोन-तीन ठिकाणी हाताने टाळी देऊन पाहावे. लयकारी हा रविशंकरांचा आयुष्यभराचा ध्यास होता आणि तो येथेही स्पष्ट दिसतो.

सहावी पायरी : अहीर भैरव

या रागाशी आपली ओळख आहे. ‘मेरी सूरत तेरी आँखें’ या १९६३च्या चित्रपटात मन्ना डे यांनी गायलेले ‘पूछो न कैसे मैंने’ घराघरांत माहीत आहे, आणि तेच गाणे येथे उपयोगी पडते. पांढरी एक षड्ज धरून काळी एक (कोमल ऋषभ), पांढरी तीन, चार, पाच, सहा आणि काळी पाच (कोमल निषाद) अशी पट्टी वाजवावी. खालचा अर्धा भाग भैरवाचा आणि वरचा अर्धा भाग काफीच्या अंगाचा, अशी ही जोडणी आहे.

सतारीवर याची एक गंमत आहे. मधल्या सप्तकात दोन्ही गंधार, दोन्ही मध्यम आणि दोन्ही निषाद यांचे पडदे सहसा असतात, पण ऋषभ आणि धैवत यांना प्रत्येकी एकच पडदा असतो. म्हणून अहीर भैरवासाठी ऋषभाचा पडदा खुंट्यांच्या दिशेने सरकवून कोमलावर आणावा लागतो. असा सरकवलेला पडदा कानानेच जागेवर बसवायचा असतो आणि भैरवाचा कोमल ऋषभ तर मुळात डोलणारा स्वर. त्या ऋषभाला दिलेले आंदोलन आणि कोमल निषादावरून धैवताकडे येणारा हात, या दोनच गोष्टींवर लक्ष ठेवून ही पंधरा मिनिटे ऐकावीत. जोगइतक्या फेऱ्या येथे लागत नाहीत.

सातवी पायरी : सिंहेंद्रमध्यमम्

कर्नाटक पद्धतीतल्या ७२ मेळकर्त्यांपैकी, म्हणजे मूळ रागांपैकी, हा ५७ वा. पांढरी एक, पांढरी दोन, काळी दोन, काळी तीन, पांढरी पाच, काळी चार, पांढरी सात असे त्याचे स्वर आहेत, म्हणजे शुद्ध ऋषभ, कोमल गंधार, तीव्र मध्यम, कोमल धैवत आणि शुद्ध निषाद. किरवाणी माहीत असणाऱ्याने त्यात शुद्ध मध्यमाच्या जागी तीव्र मध्यम घ्यावा, की हा राग हाताशी आला.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा तिघांत परका वाटतो, पण आपल्या भागात तो परका वाटण्याचे कारण नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांचे म्हैसूरकडे जाणे-येणे होते, त्यांनी त्यागराजांची खरहरप्रिया रागातली कृती ध्वनिमुद्रित केली, आणि १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले तेही मद्रासहून पाँडिचेरीला जाताना. चारुकेशी हाही दक्षिणेकडून आलेला राग आज आपल्याला अभिषेकीबुवांच्या ‘हे सुरांनो चंद्र व्हा’मुळे घरचाच वाटतो. किरवाणी, चारुकेशी आणि सिंहेंद्रमध्यमम् हे राग उत्तरेकडे रुळवण्यात रविशंकरांचा मोठा वाटा आहे. परदेशातल्या पहिल्याच दीर्घ मुद्रिकेत त्यांनी तीनपैकी एक जागा दक्षिणेला द्यावी, ही गोष्ट मला विशेष वाटते.

ऐकताना तीव्र मध्यम आणि पंचम यांच्यामधील अर्ध्या स्वराची जवळीक, तसेच पंचम आणि कोमल धैवत यांची जवळीक टिपावी. पंचम दोन्ही बाजूंनी वेढलेला असल्यामुळे तो लागताच सुटल्यासारखे वाटते. वादक किती वेळ पंचमाला बगल देतो आणि कधी त्यावर येतो, एवढे पाहिले तरी या अकरा मिनिटांचे सार हाती लागते.

आठवी पायरी : केवळ चतुरलाल

आता तिन्ही रागांतला तबल्याचा भाग सतारीकडे दुर्लक्ष करून ऐकावा. चतुरलाल १९६५ साली ऐन उमेदीत गेले आणि त्यानंतरच्या श्रोत्यांच्या मनात रविशंकरांच्या शेजारी अल्लारखाँसाहेबांचीच मूर्ती ठसली, त्यामुळे चतुरलाल यांच्या वाट्याला आठवण कमी आली. त्यांचा ठेका कुठे भरला जातो आणि कुठे मोकळा सोडला जातो, डग्ग्याची घुमक सतारीच्या खर्जाला कोठे वाट करून देते, सतारीच्या तुकड्याला उत्तर देताना ते त्याची नक्कल करतात की वेगळा बोल योजतात, हे प्रश्न वहीत लिहून त्यांची उत्तरे जागा दाखवून द्यावीत. तबला शिकणाऱ्या मुलांकडून हे जरूर करून घ्यावे. त्यांना मोठ्यांपेक्षा लवकर जमते.

नववी पायरी : शेजारी ठेवून ऐकणे

तिन्ही राग ओळखीचे झाल्यावरच तुलना करावी. पहिली तुलना अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कोणत्याही तीन मिनिटांच्या तबकडीशी करावी. तेथे राग एका श्वासात येतो आणि येथे तो पायरीपायरीने उलगडतो, आणि दोन्हींत तोल सुटत नाही. दुसरी तुलना १९६७च्या मॉन्टेरेमधल्या धूनशी. तेथे उत्साह आहे, समोरच्या तरुण गर्दीशी संवाद आहे आणि शेवटाकडची धाव थक्क करणारी आहे. परंतु त्यातले किती ‘थ्री रागाज’मध्ये बीजरूपाने होते आणि किती गर्दीने त्यांच्याकडून काढून घेतले, हा विचार ज्याने त्याने करावा. तिसरी तुलना विलायत खाँसाहेबांच्या कोणत्याही आलापाशी. बंद जवारी आणि गायकी अंग (गाण्यासारखे वाजवणे) ऐकून लगेच जोगकडे परत आले की खुली जवारी आणि तंतकारी अंग (तंतुवाद्याच्या स्वभावाने वाजवणे) म्हणजे काय, ते सांगावे लागत नाही.

चौघांनी मिळून ऐकायचे असेल तर

सांगली-मिरजेत संगीत ऐकण्याची सवय नवी नाही. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी होणाऱ्या संगीत सभेला रात्र रात्र बसणारी माणसे आजही आहेत. तशीच शिस्त घरच्या बैठकीत पाळावी. पाच-सहा जणांपेक्षा जास्त नसावेत, त्यांत एखादा सतार किंवा पेटी वाजवणारा असावा, आणि एका बैठकीला एकच राग घ्यावा. पहिल्या फेरीत कोणी बोलू नये, ‘क्या बात है’ देखील म्हणू नये. मग चहा घेऊन प्रत्येकाने आपल्या वहीतली एक जागा सांगावी आणि तेवढीच जागा सर्वांनी पुन्हा ऐकावी. मतभेद झाले तर पेटी मध्ये घ्यावी. घरात कोणी सतार वाजवत असेल तर जोगचे ते चार स्वर प्रत्यक्ष खेचून दाखवायला सांगावे. बोटाला पडलेला तारेचा वळ पाहिला की मुद्रिकेतल्या सहज वाटणाऱ्या मींडेची किंमत कळते.

एवढे झाल्यावर पुढे काय ऐकावे, असे विचारणाऱ्यांना मी दोन मुद्रिका सुचवतो. पहिली, १९५५ सालची अली अकबर खाँसाहेबांची सरोदची मुद्रिका. तिच्यात मेन्युहिन यांनी स्वतः बोलून श्रोत्यांना ओळख करून दिली आहे, चतुरलाल तेथेही आहेत आणि बाबांची तीच तालीम दुसऱ्या वाद्यावर कशी बोलते ते कळते. दुसरी, रविशंकरांची ‘द साउंड्स ऑफ इंडिया’. तिच्यात ते सतार हाती घेऊन राग आणि ताल यांची साध्या इंग्रजीत ओळख करून देतात आणि मारुबिहाग, भीमपलासी, सिंधी भैरवी वाजवतात. शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांना घेऊन बसायचे असेल, तर या मुद्रिकेतले प्रास्ताविक आधी ऐकवून मग ‘थ्री रागाज’मधला अहीर भैरव लावावा, आणि जोग त्यांच्यासाठी पुढच्या बैठकीला रात्री ठेवावा.